बंदिस्त कोळंबी प्रजननातील नर-मादी प्रमाण : जीवशास्त्रीय आधार आणि व्यवस्थापन

सारांश

कोळंबीच्या बीजोत्पादन केंद्रात प्रजनक साठा उभा करताना नर आणि माद्या किती ठेवाव्यात, हा प्रश्न सामान्यतः खर्चाचा व जागेचा मानला जातो. वस्तुतः तो प्रजातीच्या समागमपद्धतीशी आणि पुढील पिढ्यांच्या आनुवंशिक आरोग्याशी निगडित आहे. गोड्या पाण्यातील मोठी कोळंबी, टायगर कोळंबी आणि वेनामी कोळंबी या तीन प्रजातींच्या आधारे प्रस्तुत लेखात नर-मादी प्रमाणाची मीमांसा केली आहे. टाकीत सोडलेले प्रमाण, प्रत्यक्ष कार्यरत असलेले प्रमाण आणि पुढील पिढीत सहभागी झालेले प्रमाण या तीन भिन्न गोष्टी असून व्यवस्थापनाचा भर तिसऱ्या प्रमाणावर असावा, असे प्रतिपादन येथे केले आहे.

बीजसंज्ञा : कोळंबी, प्रजनक साठा, नर-मादी प्रमाण, परिणामकारक प्रजनक संख्या, अंतःप्रजनन.

प्रस्तावना

कोळंबीचे बंदिस्त प्रजनन ही विसाव्या शतकाची देणगी होय. जपानमध्ये मोतोसाकू फुजिनागा यांनी १९३० च्या दशकात कुरुमा कोळंबीची अंडी प्रयोगशाळेत मिळवून त्यांतील डिंभकांचे संगोपन केले. पुढे १९६० च्या दशकाच्या आरंभी शाओ-वेन लिंग यांनी मलेशियात असे दाखवून दिले की, गोड्या पाण्यातील मोठ्या कोळंबीच्या डिंभकांना जगण्यासाठी निमखारे पाणी आवश्यक असते. या दोन शोधांनी बीजोत्पादन केंद्र, म्हणजेच व्यवहारातील ‘हॅचरी’, ही संस्था शक्य झाली.

कोकणातील खाडीकाठी जी कोळंबी शेती उभी आहे, तिचे बीज प्रामुख्याने आंध्र प्रदेश व तामिळनाडूतील हॅचऱ्यांमधून येते. शेतकरी तळ्यात सोडतो ते बीज त्याला दिसते. त्या बीजाचे माता-पिता त्याला कधीच दिसत नाहीत. ते किती होते, कोठून आले, त्यांत नर किती आणि माद्या किती, हे त्याला ठाऊक नसते. तथापि तीन-चार महिन्यांनी हाती येणाऱ्या पिकाचा एक भाग या अज्ञात माहितीतच दडलेला असतो. म्हणूनच हा विषय केवळ हॅचरीचालकांपुरता मर्यादित नाही.

एक प्रचलित गैरसमज

प्रारंभीच एक गैरसमज दूर करणे इष्ट ठरेल. प्रजनक साठ्यात माद्या अधिक ठेवल्या म्हणजे बीजातही माद्या अधिक निघतील, असे अनेकांना वाटते. तसे होत नाही. माणसात संततीचे लिंग पित्याच्या शुक्राणूवरून ठरते. मोठी कोळंबी, टायगर आणि वेनामी या प्रजातींत मात्र ते मातेकडून ठरते. मादीची लिंगगुणसूत्रे भिन्न, म्हणजे ‘झेड-डब्ल्यू’ अशी असतात, तर नराची दोन्ही ‘झेड’ असतात. मादीच्या निम्म्या अंड्यांत ‘झेड’ आणि निम्म्या अंड्यांत ‘डब्ल्यू’ असल्यामुळे संततीत नर व माद्या सर्वसाधारणपणे समसमान निघतात. टाकीत एका नरामागे एक मादी असो वा पाच, या विभागणीत फरक पडत नाही. प्रजनकांचे प्रमाण बदलल्याने बदलते ते फलित अंड्यांचे प्रमाण आणि संततीतील आनुवंशिक विविधता.

समागमपद्धती आणि प्रमाण

कोणत्या प्रजातीत किती नर पुरेसे, याचे उत्तर तिच्या समागमपद्धतीत सापडते.

(अ) गोड्या पाण्यातील मोठी कोळंबी : मॅक्रोब्रॅकियम रोझेनबर्गी या शास्त्रीय नावाची आणि बाजारात ‘स्कॅम्पी’ म्हणून परिचित असलेली ही कोळंबी. हिची प्रौढ मादी कात टाकून मऊ झाली की नर तिचे रक्षण करतो, समागम होतो आणि शुक्राणूंचा चिकट पुंजका मादीच्या छातीच्या खालच्या बाजूस चिकटवला जातो. काही तासांतच मादी अंडी घालते आणि ती पोटाखालील पायांत धरून सुमारे तीन आठवडे वाहते. माद्या एकाच दिवशी कात टाकत नाहीत. त्या आळीपाळीने समागमक्षम होतात. त्यामुळे एक सशक्त नर अनेक माद्यांना पुरतो. म्हणूनच या प्रजातीत एका नरामागे चार ते पाच माद्या असे प्रमाण रूढ आहे.

या प्रजातीतील नरांचे तीन प्रकार येथे लक्षात घ्यावे लागतात : लहान नर, नारिंगी नांग्यांचे नर आणि निळ्या नांग्यांचे नर. निळ्या नांग्यांचा नर हा टाकीतील सत्ताधीश. तो इतर नरांना दूर ठेवतो आणि बहुतेक माद्यांवर ताबा मिळवतो. लहान नर मात्र संधी साधून चोरटा समागम करू शकतात. यास्तव टाकीत दहा नर दिसत असले तरी पिता झालेले नर दोन किंवा तीनच असण्याचा संभव असतो.

(आ) टायगर कोळंबी : पिनियस मोनोडॉन ही खाऱ्या पाण्यातील कोळंबी. हिच्या मादीच्या शेवटच्या चालण्याच्या पायांच्या जोडीमध्ये ‘थेलिकम’ नावाचा बंद कप्पा असतो. मादी कात टाकून मऊ असताना नर आपल्या पहिल्या पोहण्याच्या पायांवरील ‘पेटास्मा’ या अवयवाच्या साहाय्याने शुक्रपिंड त्या कप्प्यात ठेवतो. हा साठा मादी जपून ठेवते आणि अंडी घालताना वापरते. पुढची कात टाकताना मात्र तो कातीबरोबर निघून जातो. समुद्रातून पकडलेली मादी बहुधा शुक्रपिंड घेऊनच येते. त्यामुळे जंगली माद्यांवर अवलंबून असलेल्या काळात हॅचरीला नरांची फारशी निकड भासत नसे. बंदिस्त साठ्यात मात्र प्रत्येक कातीनंतर नवा समागम व्हावा लागतो. येथे एका नरामागे एक ते दोन माद्या हे प्रमाण आढळते.

(इ) वेनामी कोळंबी : मूळची पूर्व प्रशांत महासागराच्या किनाऱ्यावरील ही प्रजाती भारतात व्यापारी संवर्धनासाठी २००९ साली अधिकृतपणे आली आणि काही वर्षांतच तिने टायगर कोळंबीला मागे टाकले. हिच्या मादीचे थेलिकम उघडे असते. समागम कात टाकल्यानंतर न होता, कवच टणक असताना आणि अंडाशय पूर्ण पक्व झाल्यावर, अंडी घालण्यापूर्वी काही तास होतो. शुक्रपिंड केवळ बाहेरून चिकटलेले असते. ते हाताळणीत सहज गळून पडते. म्हणजे प्रत्येक वेळी अंडी घालण्यापूर्वी ताजा समागम अपरिहार्य ठरतो. एखाद्या सायंकाळी साठ्यातील थोड्याच माद्या पक्व असतात आणि त्या वेळी सर्वच नर समागमास उत्सुक अथवा सक्षम नसतात. शुक्रपिंड दिलेल्या नराला नवे शुक्रपिंड तयार करण्यास काही दिवस लागतात. या कारणांमुळे वेनामीच्या हॅचरीत नर व माद्या साधारणतः समसमान ठेवतात. अनेक ठिकाणी त्या वेगवेगळ्या टाक्यांत ठेवून पक्व माद्या दररोज नरांच्या टाकीत सोडल्या जातात आणि समागम झालेल्या माद्या रात्री अंडी घालण्याच्या टाकीत हलविल्या जातात.

यावरून स्पष्ट होते की, ‘कोळंबीसाठी योग्य प्रमाण’ असे एकच प्रमाण सांगता येत नाही. मोठ्या कोळंबीसाठी योग्य असलेले १ : ४ हे प्रमाण वेनामीच्या टाकीत लावल्यास अनेक माद्या समागमाविनाच अंडी घालतील आणि ती वाया जातील.

नेत्रदंडविच्छेदनाचा परिणाम

कोळंबीच्या नेत्रदंडात अंडाशयाची वाढ रोखणारे संप्रेरक स्रवते. पानूझ या संशोधकाने १९४३ साली नेत्रदंड काढल्यास अंडाशय वाढतो असे दाखविले. पुढे मादीचा एक नेत्रदंड काढण्याची पद्धत हॅचऱ्यांत रूढ झाली. प्राणिकल्याणाच्या दृष्टीने या पद्धतीवर अलीकडे टीका होत असून तिला पर्याय शोधले जात आहेत. आपल्या विषयाच्या दृष्टीने लक्षात घ्यावयाची बाब अशी की, विच्छेदनाने माद्या लवकर आणि वारंवार पक्व होतात. नरांचा वेग मात्र तोच राहतो. परिणामी टाकीतील संख्या न बदलताही नरांवरील भार वाढतो. शिवाय बंदिवासात नरांच्या जननमार्गाचे काळवंडणे आणि शुक्राणूंची गुणवत्ता घसरणे हे ज्ञात दोष आहेत. वेनामीच्या नरांना ३२ अंश सेल्सिअसच्या आसपासच्या तापमानात दीर्घकाळ ठेवल्यास शुक्राणूंची गुणवत्ता खालावते. असा नर गणतीत असतो, पण प्रजननात नसतो.

परिणामकारक प्रजनक संख्या

आता प्रश्नाची दुसरी बाजू पाहू. सुअल राइट यांनी १९३१ साली मांडलेले एक साधे सूत्र असे :

परिणामकारक प्रजनक संख्या = (४ × नरसंख्या × मादीसंख्या) ÷ (नरसंख्या + मादीसंख्या)

एका पिढीत वाढणारे अंतःप्रजनन या संख्येच्या दुपटीच्या व्यस्त प्रमाणात असते. एकूण १०० प्रजनक आहेत असे मानून हिशेब केल्यास पुढील चित्र दिसते :

५० नर व ५० माद्या : परिणामकारक संख्या १००, प्रतिपिढी अंतःप्रजनन ०.५० टक्के.
२० नर व ८० माद्या : परिणामकारक संख्या ६४, प्रतिपिढी ०.७८ टक्के.
१० नर व ९० माद्या : परिणामकारक संख्या ३६, प्रतिपिढी १.३९ टक्के.
५ नर व ९५ माद्या : परिणामकारक संख्या १९, प्रतिपिढी २.६३ टक्के.

प्रत्येक ओळीत प्राणी शंभरच आहेत. खाद्य, पाणी व जागा तेवढीच लागते. तरीही आनुवंशिकदृष्ट्या शेवटचा साठा एकोणीस प्राण्यांच्या साठ्यासारखा वागतो. ग्रामीण वाचकांना हे तत्त्व मेंढपाळाच्या कळपावरून सहज उमगेल. तीस मेंढ्यांमागे एकच मेंढा असेल, तर त्या कळपाची परिणामकारक संख्या चारही भरत नाही. म्हणूनच जाणता मेंढपाळ मेंढा बदलत राहतो.

या सूत्रातून एक व्यवहारोपयोगी नियम निघतो. माद्या कितीही वाढविल्या तरी परिणामकारक संख्या नरसंख्येच्या चौपटीपलीकडे कधीच जात नाही. २५ नर असतील तर हजार माद्यांनीही ती १०० ओलांडणार नाही. फ्रँकलिन यांनी १९८० साली अल्पकाळासाठी किमान ५० आणि दीर्घकाळासाठी ५०० अशी परिणामकारक संख्या सुचविली होती. त्या निकषावर पाहता पाच-सहा नरांवर चालणारी हॅचरी आपल्या साठ्याचे भविष्य सांभाळू शकत नाही.

तीन प्रमाणांतील अंतर

वरील हिशेब प्रत्येक प्राण्याचा सहभाग समान धरून केलेला आहे. वास्तव तसे नसते. १ : ४ प्रमाणाने २० नर व ८० माद्या सोडल्या, परंतु प्रबळ नरांच्या वर्चस्वामुळे आठच नर पिता झाले, आणि बीजाची मागणी पूर्ण झाल्यामुळे तीसच माद्यांची अंडी वापरली गेली, अशी कल्पना करू. आता परिणामकारक संख्या ६४ न राहता सुमारे २५ होते आणि प्रतिपिढी अंतःप्रजनन जवळजवळ २ टक्के होते. असेच दहा पिढ्या चालल्यास साठलेले अंतःप्रजनन सुमारे १८ टक्के होईल. समसमान आणि पूर्ण सहभाग असलेल्या शंभराच्या साठ्यात ते ५ टक्क्यांच्या आत राहिले असते. तुलनेसाठी असे सांगता येईल की, मामे-आते भावंडांच्या विवाहातून झालेल्या अपत्यात हा अंक ६.२५ टक्के असतो, तर सख्ख्या भावंडांच्या संकरातून झालेल्या संततीत २५ टक्के.

म्हणून तीन प्रमाणे वेगळी मोजावी लागतात. पहिले, नोंदवहीत लिहिलेले साठ्याचे प्रमाण. दुसरे, एखाद्या दिवशी समागमक्षम असलेल्या नर-माद्यांचे कार्यरत प्रमाण. एम्लेन व ओरिंग यांनी १९७७ साली ही संकल्पना प्राण्यांच्या समागमव्यवस्थांच्या संदर्भात मांडली. तिसरे, पुढील पिढीचे जनक ठरलेल्यांचे प्रमाण. हॅचरीत फलनाचा दर दुसऱ्यावर अवलंबून असतो, तर वंशाचे आरोग्य तिसऱ्यावर. आपल्याकडे नोंद होते ती बहुधा केवळ पहिल्याची.

स्कॅम्पीचा धडा

हा हिशेब केवळ कागदावरचा नाही. भारतात स्कॅम्पीचे संवर्धित उत्पादन २००५-०६ च्या सुमारास ४० हजार टनांच्या पुढे गेले होते. त्यानंतरच्या काही वर्षांत ते झपाट्याने कोसळले. पांढऱ्या शेपटीचा रोग, बाजारभाव आणि पुढे वेनामीचे आगमन ही त्याची कारणे होत. तथापि बीजाचा घसरलेला दर्जा हेही एक महत्त्वाचे कारण म्हणून अभ्यासकांनी नोंदविले आहे.

येथे एक सूक्ष्म भेद ध्यानात घ्यावा. जे बीज तळ्यात वाढून बाजारात जाणार आणि तेथेच संपणार, त्याच्या माता-पित्यांचे प्रमाण विषम असले तरी वंशाची हानी होत नाही. हानी होते ती बाजारासाठी वाढविलेल्या तळ्यातूनच पुढील प्रजनक निवडले जातात तेव्हा. अंडीधारी मादी तळ्यातून उचलणे स्वस्त व सोपे असते. पण तिच्या अंड्यांचा पिता कोण, हे अज्ञात राहते. त्यातच वेगाने वाढलेले मोठे नर आधी विकले जातात आणि मागे राहिलेले मंदगतीचे प्राणी पुढील पिढीचे जनक ठरतात. विषम प्रमाण, अज्ञात पितृत्व आणि उलटी निवड या तिन्ही गोष्टी एकत्र आल्या म्हणजे काही पिढ्यांतच वाढ खुंटते. याचे मोल चुकवतो तो बीज विकत घेणारा शेतकरी. कारण त्याचे तळे, खाद्य आणि कर्ज पणाला लागलेले असते.

भुवनेश्वर येथील केंद्रीय गोड्या पाण्यातील मत्स्यसंवर्धन संस्थेने २००७ पासून वर्ल्डफिश या संस्थेच्या सहकार्याने या प्रजातीच्या निवड-प्रजननाचा कार्यक्रम हाती घेतला. त्याचा पाया गुजरात, केरळ व ओडिशा येथील तीन वेगवेगळ्या साठ्यांवर रचला गेला, ही बाब उद्बोधक आहे. वेनामीच्या बाबतीत भारतातील हॅचऱ्या विशिष्ट रोगजंतुमुक्त असे आयात प्रजनक वापरतात आणि ते चेन्नई येथील विलगीकरण केंद्रातून तपासून येतात. तळ्यातील कोळंबी प्रजनक म्हणून वापरणे नियमबाह्य आहे. हा नियम रोगासाठी जितका आवश्यक, तितकाच अंतःप्रजनन टाळण्यासाठीही. रॉजर डॉयल यांनी २०१६ साली प्रसिद्ध केलेल्या विवेचनात आशिया व लॅटिन अमेरिकेतील कोळंबीच्या रोगसंकटामागे नकली प्रजनकांतून वाढलेले अंतःप्रजनन असण्याची शक्यता मांडली आहे. संकटसमयी अंतःप्रजननाचे दुष्परिणाम अधिक तीव्रतेने प्रकट होतात, हा त्यांचा मुद्दा विचारार्ह आहे.

एकलिंगी बीज : नवी दिशा

मोठ्या कोळंबीत नर अधिक वाढतात, तर टायगर व वेनामीत माद्या. त्यामुळे एकाच लिंगाचे बीज मिळावे ही अपेक्षा स्वाभाविक आहे. इस्रायलमधील बेन-गुरियन विद्यापीठात आमिर सागी व सहकाऱ्यांनी मोठ्या कोळंबीतील पुंग्रंथीचे इन्सुलिनसदृश संप्रेरक निष्प्रभ करून नरांचे कार्यक्षम मादीत रूपांतर घडविले. २०१२ साली हे पूर्ण लिंगपरिवर्तन प्रसिद्ध झाले. अशा ‘नव-मादी’ची दोन्ही गुणसूत्रे ‘झेड’ असल्याने सामान्य नराशी तिचा संकर केल्यास सर्व संतती नर निघते. येथे संततीचे लिंग खरोखरच प्रजनकांच्या निवडीतून ठरते. तथापि एकलिंगी बीजातून शेतकऱ्याला पुढील प्रजनक निवडता येत नाहीत आणि बीजासाठी तो कायमचा उत्पादकावर अवलंबून राहतो. अशा वेळी मूळ साठ्याची विविधता सांभाळण्याची जबाबदारी काही थोड्या संस्थांच्या हाती एकवटते.

व्यवस्थापनविषयक सूचना

१. प्रथम पुढील पिढीसाठी आवश्यक परिणामकारक संख्या ठरवावी, त्यावरून किमान नरसंख्या काढावी आणि त्यानंतरच माद्यांची संख्या निश्चित करावी.

२. बाजारासाठीचे बीज आणि प्रजनकांची पुढील पिढी यांचे साठे व नोंदी पूर्णतः वेगळ्या ठेवाव्यात. पहिल्यासाठी प्रजातीनुसार सोयीचे प्रमाण चालेल; दुसऱ्यासाठी ते शक्यतो समसमान असावे.

३. मोठ्या कोळंबीत एका टाकीत अनेक प्रबळ नर कोंडण्यापेक्षा लहान गट करून प्रत्येक गटात वेगळा नर ठेवावा आणि नर ठरावीक काळाने बदलावेत.

४. वेनामीत समागम झालेल्या माद्यांची रोजची टक्केवारी नोंदवावी. ती घटल्यास नर वाढविण्यापूर्वी त्यांचे शुक्रपिंड, वय आणि टाकीचे तापमान तपासावे.

५. पुढील पिढीसाठी प्रत्येक मादीच्या अंड्यांतून समान संख्येने बीज राखावे. एकाच मादीची लाखो पिल्ले उपलब्ध असल्याने हा मोह आवरणे कठीण असते, परंतु लाभ मोठा असतो.

६. शक्य तेथे कृत्रिम रेतनाचा अवलंब करून प्रत्येक नराचा सहभाग निश्चित करावा आणि डीएनए चिन्हकांद्वारे पितृत्वाची अधूनमधून पडताळणी करावी.

समारोप

नर-मादी प्रमाण ही हॅचरीच्या नोंदवहीतील एक संख्या आहे. पण त्या संख्येत प्रजातीची समागमपद्धती, टाकीतील सत्तासंबंध, नरांचे आरोग्य आणि पुढील पिढ्यांचा वारसा एकवटलेला असतो. नर कमी ठेवल्याने आज वाचणारे खाद्य उद्याच्या तळ्यातील खुंटलेल्या पिकाच्या रूपाने परत वसूल होऊ शकते. किनारी जलसंवर्धन प्राधिकरण कायद्यात २०२३ साली झालेल्या दुरुस्तीने केंद्रवर्ती प्रजनन केंद्रे व प्रजनक-गुणन केंद्रे नियमनाच्या कक्षेत आली आहेत. या केंद्रांकडून येणाऱ्या प्रत्येक खेपेसोबत प्रजनकांची संख्या, त्यांतील सहभागी नर-माद्या आणि त्यांच्या कुळांची माहिती हॅचरीला आणि हॅचरीमार्फत शेतकऱ्याला मिळावी, अशी अपेक्षा ठेवणे उचित होय. प्राणिशास्त्र, संख्याशास्त्र आणि अर्थशास्त्र या विभागांच्या अध्यापकांनी एकत्र येऊन हाती घेण्याजोगा हा विषय आहे. कोकणातील महाविद्यालयांना तर त्यासाठी खाडीकाठापलीकडे जाण्याचीही गरज नाही.